आवड असते, गोडी लागते

निकालाचे दिवस आले की घरोघरी एकच बैठक बसते. पेढ्यांचा पुडा मध्ये उघडा असतो, मामा किंवा काका चहाचा कप घेऊन टेकलेले असतात आणि समोरच्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला एकाच वेळी दोन सल्ले मिळतात. पहिला असा, की ज्यात आवड आहे तेच कर, मन नसलेल्या कामात माणूस जन्मभर कुढत राहतो. दुसरा असा, की आधी हाताला काहीतरी कसब लागू दे, आवडीनिवडीचे पुढे बघू. दोन्ही सल्ले देणारी माणसे बहुधा मनापासून बोलत असतात आणि त्यामुळेच ऐकणाऱ्याची पंचाईत वाढते, कारण कोणालाही खोडून काढता येत नाही.

हा वाद इतका चिवट आहे याचे एक कारण असे, की त्यात आवड ही एखाद्या तयार वस्तूसारखी गृहीत धरलेली असते. ती आत कुठेतरी पडलेली आहे, शोधली की सापडेल, सापडली की तिच्या मागे जायचे की नाही एवढेच ठरवायचे, असा समज दोन्ही बाजूंचा असतो. खरा प्रश्न त्याच्या आधीचा आहे: आवड येते कोठून? याबाबतीत आपली भाषा आपल्या सल्लागारांपेक्षा चोख आहे. मराठीत आवड ‘असते’, पण गोडी ‘लागते’. लहान मुलाला वाचनाची गोडी लागते, कोणाला शेतीची, कोणाला हिशेबाची. हे क्रियापदच सांगते, की मधे काहीतरी घडावे लागते, सहवास व्हावा लागतो, दिवस जावे लागतात. त्याच्या जोडीला दुसरा शब्दप्रयोग ठेवावा, तो म्हणजे ‘हात बसणे’. भाकरी थापायला हात बसला, गाडी चालवायला हात बसला, असे आपण म्हणतो. या लेखाचे म्हणणे एवढेच आहे, की ज्याला आपण आवड म्हणून आधी शोधायला निघतो, ती पुष्कळदा गोडी असते, आणि ती हात बसू लागल्यानंतर लागते. मात्र हे म्हणणे सरसकट खरे नाही आणि त्याच्या मर्यादा जेथे सुरू होतात तेथेच विषय खरा अवघड होतो.

‘आवडते तेच करा’ हा सल्ला आज जगभर ज्या एका भाषणाचा दाखला देऊन दिला जातो, ते स्टीव्ह जॉब्ज यांनी २००५ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात केलेले आहे. मनापासून आवडेल असे काम मिळेपर्यंत शोधत राहा, असा त्याचा आशय होता. ते भाषण चांगलेच आहे; पण आपल्याकडे याहून जुने आणि माझ्या मते अधिक बोलके उदाहरण दादासाहेब फाळके यांचे आहे, आणि ते सहसा चुकीच्या बाजूने सांगितले जाते.

नेहमीची गोष्ट अशी, की १९११ च्या सुमारास फाळके यांनी मुंबईच्या एका तंबूतल्या चित्रपटगृहात ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला, पडद्यावर ख्रिस्ताच्या जागी त्यांना राम आणि कृष्ण दिसू लागले, आणि त्या ध्यासापायी घरदार पणाला लावून त्यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ काढला. गोष्टीत खोटे काही नाही. विम्याच्या पॉलिसी गहाण पडल्या, पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने गेले, तासन्‌तास फिती पाहून आणि जागरणे करून डोळ्यांची दृष्टी काही काळ गेली. आवडीच्या मागे धावणाऱ्या माणसाचे याहून ठळक चित्र शोधून सापडणार नाही.

आता तीच गोष्ट मागून पुढे वाचू. फाळके यांचा जन्म १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. म्हणजे तो मूकपट पाहिला तेव्हा ते चाळिशी ओलांडलेले गृहस्थ होते. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये ते १८८५ साली दाखल झाले आणि चित्रकला शिकले. पुढे बडोद्याच्या कलाभवनात तैलरंग, जलरंग, मूर्तिकाम, वास्तुरेखन आणि छायाचित्रण शिकले. रतलामला जाऊन तीन रंगांच्या ठशांचे आणि काळ्या खोलीतले छपाईचे तंत्र हस्तगत केले. गोध्र्यात फोटोचा स्टुडिओ चालवला. नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले. एका परदेशी जादूगाराकडून हातचलाखी शिकले. पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि आरेखक म्हणून नोकरी केली. मग लोणावळ्याला छापखाना काढला, रविवर्म्याच्या चित्रांच्या शिळाछापाचे काम केले आणि १९०९ साली रंगीत छपाईची यंत्रे पाहण्यासाठी जर्मनीला जाऊन आले. भागीदारांशी पटेना म्हणून ते कामही सोडले. यातले प्रत्येक काम त्या त्या वेळी पोटापाण्यासाठी किंवा कुतूहलापोटी केलेले होते. चित्रपट काढण्याचा विचारही तेव्हा त्यांच्या मनात नव्हता, मग त्याची आवड असण्याचा प्रश्नच नव्हता.

पण चित्रपट म्हणजे काय? चौकटीची जाण, प्रकाशाची जाण, रसायनांत फीत धुण्याची कला, रंगवलेले पडदे, नाटकी वेशभूषा, डोळ्यांना चकवण्याची जादू आणि हे सगळे वेळेत पार पाडण्यासाठी कारखाना चालवण्याची सवय. तो मूकपट पाहायला त्या दिवशी शेकडो माणसे बसली होती. त्यांतल्या अनेकांना तो फाळके यांच्याइतकाच आवडला असेल. ‘हे आपल्याला करता येईल’ असे मात्र ज्याच्या हातात ही सगळी कसबे आधीच बसलेली होती त्यालाच वाटले. पंचवीस वर्षांच्या हातकामाने ती ओढ शक्य केली होती, आणि ओढीने त्या हातकामाला दिशा दिली.

याचा पुरावा एका कुंडीत आहे. फेब्रुवारी १९१२ मध्ये लंडनला जाऊन फाळके यांनी विल्यमसनचा कॅमेरा घेतला आणि परतल्यावर भांडवल देऊ शकणाऱ्या लोकांची खात्री पटवायची म्हणून कुंडीत वाटाणे पेरले. कॅमेरा हलू न देता, ठरावीक अंतराने एकेक चित्र घेत, महिनाभर त्यांनी त्या अंकुराची वाढ टिपली आणि ती सगळी वाढ मिनिटभराच्या फितीत पडद्यावर उलगडून दाखवली. हिशेब केला तर हे काम काय चिकाटीचे होते ते कळते. मूकपटांच्या काळात सेकंदाला साधारण सोळा चित्रे धरली, तर एका मिनिटाला हजाराच्या आसपास चित्रे लागतात. प्रत्येक वेळी प्रकाश सारखा हवा, कुंडी जागची हलता कामा नये आणि एकाही दिवशी कंटाळा करून चालणार नाही. हे उत्साहाचे काम नव्हे, हे छायाचित्रकाराच्या आणि छापखानेवाल्याच्या सवयीचे काम आहे.

‘राजा हरिश्चंद्र’मध्येच दुसरी एक गोष्ट दडलेली आहे आणि ती मला पहिल्याइतकीच महत्त्वाची वाटते. तारामतीच्या भूमिकेसाठी कोणीही स्त्री तयार होईना. तेव्हा ग्रँट रोडवरच्या एका खाणावळीत काम करणारा अण्णा साळुंके नावाचा तरुण फाळके यांच्या नजरेस पडला. त्याला तेथे महिना दहा रुपये मिळत, फाळके यांनी पंधरा देऊ केले, आणि तो आला, असे सांगतात. पाच रुपये जास्त मिळतात हे त्याच्या चित्रपटात येण्याचे कारण. अभिनयाचा ध्यास वगैरे काही नाही. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, तेव्हा पडद्यावरची तारामती साळुंके यांची होती. पुढे १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका त्यांनीच केल्या, आणि नंतर ते कॅमेऱ्यामागे गेले व छायाचित्रणकार म्हणून काम करू लागले. कॅमेरा हाती घ्यावा असे त्यांना का वाटले याची नोंद माझ्या वाचनात नाही. पण पाच रुपयांसाठी आलेला माणूस पाच रुपयांसाठी कॅमेरा शिकत नाही, एवढे म्हणायला हरकत नसावी.

एका चित्रपटामागे ही दोन माणसे उभी आहेत. एकाकडे ध्यास आहे, पण तो कसबानंतर आलेला आहे. दुसऱ्याकडे सुरुवातीला दोन्ही नाही, केवळ पगार आहे, आणि बाकीचे कामाने दिले आहे.

मानसशास्त्रज्ञांनी गेल्या काही दशकांत हा प्रश्न प्रयोगांनी तपासला आहे. पॉल ओकीफ, कॅरल ड्वेक आणि ग्रेगरी वॉल्टन यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास समजायला सोपा आहे. काही विद्यार्थी असे मानणारे होते, की आवड ही जन्मतः ठरलेली असते आणि ती फक्त शोधायची असते. काही असे मानणारे, की ती वाढवता येते. सर्वांना कृष्णविवरांविषयीची एक सुरेख, रंजक चित्रफीत दाखवली. ती बहुतेकांना आवडली. मग त्याच विषयावरचा एक किचकट वैज्ञानिक लेख वाचायला दिला. लेख अवघड लागताच पहिल्या गटाचा रस दुसऱ्या गटापेक्षा जास्त ओसरला. कारण उघड आहे. आवड आधीच ठरलेली असते असे मानणाऱ्याला अडचण आली, की तो त्यातून ‘ही आपली आवड नव्हेच’ असा निष्कर्ष काढतो. खऱ्या आवडीच्या कामात कष्ट वाटत नाहीत, हा सल्ला जो देतो तो नकळत ऐकणाऱ्याला पहिल्याच चढणीवर परत फिरायला शिकवतो. सतार शिकायला लागून तिसऱ्या महिन्यात बोटे सोलवटली म्हणून सतार सोडणारे आपण पाहिलेले असतात. पण तोच मनुष्य अभियांत्रिकी सोडतो तेव्हा त्याला आपण ‘आवड सापडली नाही’ असे मोठे नाव देतो.

गोडी लागण्यामागची यंत्रणा एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या दोन अमेरिकन संशोधकांच्या सिद्धांताने बऱ्यापैकी उलगडते. त्यांच्या मते माणसाला कामात मनापासून रस वाटावा यासाठी तीन गरजा भागाव्या लागतात. आपल्याला हे जमते आहे असे वाटणे ही पहिली, आपल्या कामात आपला काही शब्द चालतो ही दुसरी, आणि ज्यांच्याबरोबर किंवा ज्यांच्यासाठी काम करतो त्यांच्याशी नाते असणे ही तिसरी. या तिन्हींत कामाचा विषय कोणता याचा उल्लेख कोठेही नाही. या गरजा छापखान्यात भागू शकतात, दवाखान्यात भागू शकतात आणि ज्याला आपण स्वप्नातले काम म्हणतो तेथे मुळीच न भागण्याची शक्यताही असते.

पहिली गरज कशी भागते हे मी माझ्या भाच्याच्या बाबतीत जवळून पाहिले. तो आयटीआयला फिटर ट्रेडला गेला तो आवडीने नव्हे, तर बारावीचे गुण पाहून घरच्यांनी केलेल्या हिशेबाने. पहिल्या महिन्यात व्हाइसमध्ये पोलादी पट्टी पकडायची आणि तिच्यावर कानस मारत राहायचे, एवढेच काम. ऐकायला सोपे वाटते. पण नवख्याचे दोन्ही हात कानशीसोबत झोके घेतात, त्यामुळे पट्टीच्या कडा जास्त झिजतात आणि मध्यभाग फुगीर राहतो. तपासायचे साधन म्हणजे ट्राय स्क्वेअर, गवंडी-सुतारांच्या बोलीतला गुण्या. तो पट्टीवर ठेवून खिडकीच्या उजेडाकडे धरायचा. जेथे पृष्ठभाग सपाट नाही तेथून उजेडाची रेघ दिसते. पहिले काही आठवडे तो दर रविवारी घरी येऊन हात दाखवायचा आणि हे माझे काम नाही असे म्हणायचा. मग एका रविवारी त्याने स्वतःहून खिशातून एक लहानसा चौकोनी तुकडा काढला, माझ्या टेबलावरची स्टीलची पट्टी त्यावर उभी केली आणि मला उजेडाकडे बघायला लावले. रेघ दिसत नव्हती. निदान तीन बाजूंनी दिसत नव्हती. चौथी बाजू त्याने अंगठ्याखाली लपवली होती.

या प्रसंगात आवड कोठून आली? पोलादाविषयी त्याचे मत बदललेले नव्हते. बदलले होते ते एवढेच, की आपण केलेले बरोबर की चूक हे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी, कोणाला न विचारता, ताबडतोब कळू लागले होते. ज्या कामात अशी उजेडाची रेघ असते, तेथे हात लवकर बसतो आणि गोडीही लवकर लागते. ज्या कामात ती नसते, तेथे माणूस वर्षानुवर्षे राबूनही अधांतरी राहतो.

येथे कसबाच्या बाजूने बोलणाऱ्यांची एक ढिलाई दाखवून दिली पाहिजे. दहा हजार तास सराव केला की कोणीही निष्णात होतो, असे वाक्य सर्रास ऐकू येते. त्याचे मूळ अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्लिनमधल्या व्हायोलिनवादक विद्यार्थ्यांवर केलेल्या, १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. सर्वोत्तम गटातल्या वादकांचा वयाच्या विसाव्या वर्षापर्यंतचा एकट्याने केलेला सराव सरासरी दहा हजार तासांच्या घरात होता, हे खरे. परंतु ती सरासरी होती, उंबरठा नव्हे. आणि सराव म्हणजे नुसते वाजवत बसणे नव्हे, तर नेमकी चूक हेरून तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा घासणे. शिवाय २०१४ साली ब्रुक मॅक्नमारा आणि सहकाऱ्यांनी अशा अनेक अभ्यासांची एकत्र छाननी केली, तेव्हा असे दिसले, की माणसामाणसांच्या कामगिरीतला फरक सरावाने खेळांच्या डावांत, म्हणजे बुद्धिबळासारख्या ठिकाणी, सुमारे २६ टक्के उलगडतो, संगीतात २१ टक्के, मैदानी खेळांत १८ टक्के, शिक्षणात ४ टक्के आणि व्यवसायांत १ टक्क्याहूनही कमी.

या शेवटच्या आकड्याने दचकून जाण्याचे कारण नाही. व्यवसायांत सराव निरुपयोगी असतो असा त्याचा अर्थ नव्हे. बुद्धिबळाचे नियम बदलत नाहीत आणि डाव हरलो की जिंकलो हे लगेच कळते. व्यवस्थापक, विमा एजंट किंवा प्राध्यापक यांच्या कामात चांगली कामगिरी कशाला म्हणायचे हेच धूसर असते, निकाल वर्षांनी लागतो आणि मधल्या काळात नियम बदललेले असतात. तेथे नुसता काळ लोटल्याने कसब वाढत नाही. वीस वर्षांचा अनुभव म्हणवणारे कित्येक लोक प्रत्यक्षात एका वर्षाचा अनुभव वीस वेळा घेतलेले असतात, हे कोणत्याही कचेरीत अर्धा दिवस बसणाऱ्याला दिसते. म्हणून अशा व्यवसायात शिरणाऱ्याने आपली उजेडाची रेघ स्वतः आखून घ्यावी लागते: आपले काम कडकपणे तपासणारा एखादा ज्येष्ठ शोधावा लागतो, किंवा स्वतःचे अंदाज लिहून ठेवून सहा महिन्यांनी पडताळावे लागतात.

दुसरी ढिलाई कोणते कसब याविषयीची आहे. ‘काहीतरी शीक’ हा सल्ला अपुरा आहे, कारण कसबांची किंमत सारखी नसते आणि कायमही नसते. काही कसबे एका कामातून दुसऱ्यात उचलून नेता येतात. फाळके यांचे छायाचित्रण फोटोच्या दुकानातून पुरातत्त्व खात्यात गेले, तेथून छापखान्यात आणि तेथून चित्रपटात. काही कसबांना मात्र एकच दार असते. पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये पहाटेपासून रात्रीपर्यंत बसणारी मुले आळशी नाहीत; उलट इतक्या शिस्तीचा सराव फार थोड्या ठिकाणी पाहायला मिळतो. पण स्पर्धा परीक्षेचा पेपर सोडवण्याचे कसब त्या परीक्षेबाहेर फारसे कोणी विकत घेत नाही, आणि जागा मोजक्या असल्याने उत्तम तयारी झालेल्यांतलेही बहुतेक जण बाहेर राहतात. म्हणून या वाटेला जाणाऱ्याने किती वर्षे द्यायची हे आधी ठरवावे आणि सोबत दुसरे एखादे उचलून नेण्याजोगे कसब ठेवावे, असे मला वाटते. हे लिहिणे सोपे आहे आणि चौथ्या प्रयत्नाला बसलेल्याला ऐकवणे क्रूर आहे, याची मला कल्पना आहे.

कसब शिळेही होते. भारतात बोलपट आला तो १९३१ साली. ज्या कलेत फाळके यांचा हातखंडा होता ती मूकपटाची भाषाच त्यानंतर मागे पडली. त्यांचा ‘सेतुबंधन’ मूकपट म्हणून तयार झाला आणि त्याला नंतर आवाज जोडावा लागला. १९३७ च्या ‘गंगावतरण’नंतर त्यांनी चित्रपट काढला नाही. १९४४ साली नाशिकला त्यांचे निधन झाले, तेव्हा ज्या धंद्याचा पाया त्यांनी घातला तो धंदा त्यांच्याशिवाय जोरात चालला होता. ध्यास कमी पडला असे कोणी म्हणू शकणार नाही. बाजार बदलला होता, आणि बाजाराला कोणाच्या ध्यासाशी देणेघेणे नसते.

आता आवडीच्या बाजूचा धोका पाहू, कारण तो कमी बोलला जातो. २०२० साली जे युन किम आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासमालिकेत असे आढळले, की एखाद्याला त्याच्या कामाची ओढ आहे असे कळले की त्याच्याकडून जादा वेळ, विनामोबदला किंवा कामाबाहेरचे काम करून घेणे लोकांना अधिक रास्त वाटू लागते. हे शोधायला प्रयोग करावे लागले याचे मराठी वाचकाला नवल वाटेल. नाटकाच्या पडद्यामागे राबणारा, तासिका तत्त्वावर शिकवणारा, वर्तमानपत्रात लिहू लागलेला, समाजकार्यात पडलेला, यांना ‘आवडीचे काम आहे ना, मग पैशाचे काय एवढे’ हे वाक्य पाठ असते. त्यांना जे मिळते त्याला आपण पगार म्हणत नाही, मानधन म्हणतो. त्या शब्दातले पहिले पद मोठे आणि दुसरे बारीक असते. ज्याच्या हातात दुर्मीळ कसब आहे तो या वाक्याला नम्रपणे नकार देऊ शकतो, आणि नुसती आवड घेऊन आलेला देऊ शकत नाही, कारण त्याच्यामागे तेवढीच आवड असलेले दहा जण रांगेत उभे असतात. आपला शब्द चालावा ही जी दुसरी गरज वर सांगितली, ती या वाटाघाटीच्या बळावरच भागते. कामाचे तास, कामाचे ठिकाण आणि नको ते काम नाकारण्याची मुभा मागून मिळत नाही. आपल्यावाचून अडते असे समोरच्याला वाटले तरच मिळते.

मग आवडीला काहीच अर्थ नाही का? आहे, परंतु सांगितला जातो तेवढा आणि तेथे नाही. २०२० साली शंभराहून अधिक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून काही संशोधकांनी असे पाहिले, की माणसाच्या आवडी आणि त्याचे काम यांचा जेवढा मेळ बसतो, तेवढे त्याचे समाधान वाढते का. वाढते, पण हा संबंध बहुतेकांना वाटेल त्यापेक्षा बराच क्षीण निघाला. शिवाय एमी व्रझेस्निएव्स्की यांनी १९९७ च्या अभ्यासात एकाच प्रकारचे कारकुनी काम करणाऱ्या चोवीस जणांना विचारले, तेव्हा काम म्हणजे केवळ रोजगार, काम म्हणजे बढतीची वाट आणि काम म्हणजे जीवनकार्य असे मानणाऱ्यांचे तीन जवळजवळ सारखे गट पडले. काम तेच, टेबल तसेच, आणि नाते मात्र तीन तऱ्हांचे.

आवडीचा खरा उपयोग, माझ्या मते, निवड करण्यापेक्षा नकार देण्यासाठी आहे. एखाद्या कामाविषयी तीव्र नावड असेल, रक्त पाहून भोवळ येत असेल, अनोळखी माणसांशी दिवसभर बोलण्याच्या कल्पनेनेच घाम फुटत असेल, किंवा ते काम आपल्या सद्‌सद्विवेकाला पटत नसेल, तर ‘हात बसला की गोडी लागेल’ असे म्हणून मुलाला त्यात ढकलू नये. नावडीच्या कामात हात बसण्यापुरता सरावच होत नाही. याउलट साधी उदासीनता ही नकाराचे कारण नव्हे, आणि साधी आवड ही होकाराचे पुरेसे कारण नव्हे. खाण्याची आवड वेगळी आणि रोज पहाटे चार वाजता उठून मंडईतून भाजी आणण्याची तयारी वेगळी. पुस्तके वाचायला आवडतात म्हणून मुद्रितशोधन आवडेल असे नाही; त्या कामात पुस्तकाचा आशय नव्हे, तर वेलांट्या आणि उकार दिसायला हवे असतात. विषय आवडणे आणि त्या विषयातला रोजचा कंटाळा सोसवणे या दोन गोष्टी आहेत, आणि टिकाव ठरतो तो दुसरीवर. म्हणून एखाद्या क्षेत्रात असलेल्या माणसाला ‘तुम्हाला काम आवडते का’ असे विचारण्यापेक्षा ‘मंगळवारी दुपारी तीन वाजता तुम्ही नेमके काय करत असता’ असे विचारावे. उत्तर ऐकताना कंटाळा आला नाही, तर पुढे बोलावे.

वयाचाही विचार हवा. सतराव्या वर्षी ज्याने पाच-सहा गोष्टींना हात लावून पाहिलेला नाही, त्याला आवड विचारणे म्हणजे मेनूकार्ड न देता ऑर्डर मागण्यासारखे आहे. शिवाय माणूस आपण पुढे किती बदलू याचा अंदाज नेहमी कमी लावतो. जॉर्डी क्वॉइडबाख, डॅनियल गिल्बर्ट आणि टिमथी विल्सन यांनी एकोणीस हजारांहून अधिक लोकांवर केलेल्या, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अठरा वर्षांच्या तरुणांपासून साठीच्या पुढच्या लोकांपर्यंत सर्व वयांत असे दिसले, की मागच्या दहा वर्षांविषयी विचारलेल्यांनी आपला बदल बराच सांगितला आणि पुढच्या दहा वर्षांविषयी विचारलेल्यांनी मात्र त्याहून कमी बदलाचा अंदाज केला. चाळिशीत काम बदलू पाहणाऱ्याचा प्रश्न निराळा. त्याने आवड शोधत शून्यावर येण्याऐवजी आपल्या हातात आधीच काय काय बसलेले आहे याची यादी करावी आणि त्यातले किती नव्या कामात उचलून नेता येते ते मोजावे.

आणि ज्या घरात कर्जाचा हप्ता आहे, वडील आजारी आहेत किंवा धाकट्या बहिणीची फी भरायची आहे, तेथे ही सगळी चर्चा वेगळ्या पट्टीत ऐकू येते. त्या घरातल्या मुलाला पर्याय नाही असे म्हणणे बरोबर नाही. त्याला स्वस्त पर्याय हवा आहे. शिकताना पैसे मिळतील अशी सोय आपल्याकडे १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याने केलेली आहे: आयटीआय झालेल्याला आणि पदवीधरालाही कारखान्यात किंवा कचेरीत प्रत्यक्ष कामावर शिकता येते आणि त्या काळात विद्यावेतन मिळते. रक्कम मोठी नसते. पण त्या कामाची मंगळवारची दुपार कशी असते, ते महाविद्यालयाच्या कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा तेथे लवकर कळते, आणि नाही पटले तर गमावलेले एखाद-दुसरे वर्षही पूर्ण वाया गेलेले नसते.

माझा भाचा दोन वर्षांनी असाच एका कारखान्याच्या टूलरूममध्ये अप्रेंटिस म्हणून लागला. मोठ्या यंत्रांवर काम मिळेल अशा समजुतीने तो गेला होता, आणि पहिल्या दिवशी त्याच्या हातात पुन्हा कानसच दिली गेली. रात्री फोनवर त्याने ही तक्रार सांगितली, आणि मग बराच वेळ तेथल्या मिस्त्रींची कानस मारताना कोपरे कशी अंगाला लागलेली असतात आणि आयटीआयमध्ये हे कोणीच कसे सांगितले नाही, याविषयी बोलत राहिला.